नाईकानं वाढायचं असतं

"क्विक मार्च!" मी ओरडलो.

कुणी हललं नाही.

दहा पोरं माझ्यासमोर उभी. टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले, नजर सरळ. म्हणजे कान उघडे होते. माझा हुकूम मैदानापलीकडे लिंबाखाली शेंगा विकत बसलेल्या बाईलासुद्धा ऐकू गेला, तिनं मान वर केली. मी पुन्हा ओरडलो. या खेपेला आवाज फाटला. रांगेतलं कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. मग आणखी एकजण हसला. पाय मात्र एकाचाही उचलला नाही.

कप्तानसाहेब सावलीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं बघितलं. रांगेला एक शब्द बोलले नाहीत. मला म्हणाले, "आवाजात जरब नाही रे तुझ्या. हो बाजूला."

मी सलाम ठोकला. त्यांनी तो घेतला नाही. पुढचं नाव पुकारलं. वकिलांचा शरद पुढे आला आणि मी सोडलेल्या जागेवर उभा राहिला. त्याचा आवाज, खोटं नाही सांगत, मांजराच्या पिल्लासारखा. तो पुटपुटला, "क्विक मार्च." आणि तीच दहा पोरं धूळ उडवत अशी चालायला लागली की जणू ती कधी थांबलीच नव्हती.

शरद त्या दिवशी नाईक झाला. मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवायच्या असतात.

मी भिल्ल. पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरातला. बा गावचा जागल्या, म्हणजे गाव झोपलं की यानं जागायचं, हाका मारत फिरायचं. धुळ्याला आमच्या पोरांसाठी कुणी भल्या लोकांनी एक बोर्डिंग काढलं होतं. तिथं राहायचो आणि गावातल्या हायस्कुलात शिकायचो. शाळेचं नाव घेत नाही. घेऊन करायचं काय? तशा शाळा गावोगाव होत्या, आणि तसले मास्तरही.

जर्मनची लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. शाळेनं पोरांचं लष्करी पथक काढलं. खाकी अर्धी चड्डी, खाकी सदरा, पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या. कवायत शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार आणले होते, साताऱ्याकडचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. आणि त्यांच्या वर आमचेच इंग्रजीचे मास्तर. अंगात खाकी चढली की त्यांना मास्तर म्हटलेलं खपायचं नाही. कप्तानसाहेब म्हणायचं.

बोर्डिंगातून पथकात गेलेला मी एकटा. बाकीची पोरं म्हणाली, "तुले काय मराले जानं शे का?" मी ऐकलं नाही. मला ती रांग आवडली होती. सगळ्यांचे कपडे एक, पाय एक. रांगेत उभं राहिलं की कोण कुणाचा ते दिसत नाही, असं मला वाटायचं. आता हसू येतं. पण तेव्हा वाटायचं, हे खरं आहे.

पहिल्याच दिवशी कप्तानसाहेब सगळ्यांना उद्देशून म्हणाले होते, "इथं बापाचं नाव चालत नाही. फीत मागून मिळत नाही. ती कमवावी लागते."

अरे वा! हे ऐकून माझं पोट भरलं. बापाचं नाव चालत नाही ही आमच्यासाठी केवढी सोय! आमच्या बापाचं नाव कुठं चाललं होतं म्हणून इथं अडायचं? मी कमवायला लागलो.

दंडावर एक फीत म्हणजे लान्स नाईक. दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. नाईकाच्या हाताखाली दहा पोरांचं सेक्शन. नाईक व्हायचं तर हजेरी पक्की लागायची, कपडा स्वच्छ लागायचा, बंदुकीचा नेम लागायचा, आणि सर्वांत शेवटी हुकूम. सेक्शनला हुकूम देऊन मैदानभर फिरवून दाखवायचं.

आणि एक गोष्ट उस्तादांनी सांगितली होती. ती कागदावर नव्हती, फौजेतून ते घेऊन आले होते. कॅम्पात जेवायची वेळ झाली की नाईकानं आचाऱ्याकडून बादली घ्यायची, ओगराळं घ्यायचं आणि आपल्या दहा जणांना स्वतःच्या हातानं वाढायचं. दहाही जणांची ताटं भरली, त्यांना पुरलं, की मग नाईकानं आपलं ताट घ्यायचं. "आधी जवान, मागून नाईक," उस्ताद म्हणायचे. "ज्याला वाढता येत न्हाई त्यानं हुकूम देऊ नये."

तुम्हाला ही साधी गोष्ट वाटेल. मला दोन फितींपेक्षा हीच जास्त भावली. कारण मी जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. गावात लग्न असलं की आम्ही पार कडेला, उकिरड्याच्या अंगाला बसायचो. सगळ्या पंगती उठल्या की आमच्या पानात वरून टाकायचे. हात लांब करून, कंबर न वाकवता. वाढणारा कधी आमच्या तोंडाकडे बघायचा नाही, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारायचा नाही. म्हणून मला वाटायचं, एकदा तरी आपण बादली घेऊन रांगेतून फिरावं. वाकून वाढावं. विचारावं, "आणखी घेतोस का रे?"

एवढंच पाहिजे होतं मला. दोन फिती त्यासाठी.

हजेरीत मी कधी चुकलो नाही. कपडा रिठ्यानं धुवायचो, उशाखाली घालून घडी पाडायचो. नेमबाजीत सगळ्या पथकात माझ्या तोडीचा कुणी नव्हता. पण तिथंही गंमत बघा. गोळी बरोबर मध्ये लागली की कप्तानसाहेब म्हणायचे, "भिल्लाचा नेम! रक्तातच असतं यांच्या." मी रोज दम रोखून, हात थरथरेपर्यंत रिकामी बंदूक धरून उभा राहायचो, त्याचं नाव कुणी काढायचं नाही. जिंकलो की माझी जात जिंकायची. चुकलो की मी एकटा चुकायचो.

आणि पहारा. पहाऱ्याला कायम मी. बंदुकांच्या खोलीपुढे मी, कॅम्पाच्या सामानापुढे मी. "भिल्ल आहे, अंधारात दिसतं त्याला." ज्या पोरांच्या घरात भिल्ल दिसला की तांब्याभांडी आत उचलून ठेवतात, तीच पोरं आपलं सामान माझ्या भरवशावर टाकून घोरायची. मला तेव्हा हे उलटं दिसलं नाही. उलट अभिमान वाटला. साहेबांचा आपल्यावर विश्वास आहे म्हणालो.

तर त्या दिवशी माझ्या हुकमावर कुणी हललं नाही. आणि मी काय केलं असेल? पोरांना जाब विचारला? छे. मी मान्य केलं की माझ्या आवाजात जरब नाही.

रोज शाळा सुटली की पांझरेच्या पात्रात जाऊन उभा राहायचो. पाणी एका कडेला, बाकी सगळी वाळू आणि दगड. दहा दगड ओळीत मांडायचो आणि त्यांना हुकूम द्यायचो. राइट टर्न. अबाउट टर्न. क्विक मार्च. धुणी धुणाऱ्या बाया आधी हसल्या, मग त्यांना सवय झाली. घसा बसायचा. बोर्डिंगात गेल्यावर बोलायला आवाज राहायचा नाही, आणि तसंही बोलायला होतं कोण? बोर्डिंगातल्या पोरांना वाटायचं, हा खाकी घालून शहाणा झाला. पथकातली पोरं कवायत संपली की आपापल्या घोळक्यानं जायची. मी मधल्यामधे. दिवसभरात मी ज्यांच्याशी सगळ्यात जास्त बोललो ते ते दहा दगड. हे मी रडून सांगत नाही, होतं ते सांगतो.

एकदा बा भेटायला आला. कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून, अंगभर काजळी घेऊन. बोर्डिंगात मी सापडलो नाही म्हणून शोधत शोधत नदीत आला. काठावर उभं राहून बराच वेळ बघत असला पाहिजे.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"हुकूम शिकी ऱ्हायनू."

"कोनले देस हुकूम?"

मी दगडांकडे हात केला. बा खाली बसला. मी त्याला सगळं सांगितलं. दहा पोरं, शरद, फीत. मला वाटलं, हा तरी म्हणेल, तुझा आवाज चांगला आहे. रात्रीच्या त्याच्या हाका मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. डोंगराच्या पलीकडे जायच्या. ज्याचा आवाज तसा, त्यानं तरी म्हणावं.

बा म्हणाला, "हुकूम देनं आपलं काम नही, भाऊ. आपलं काम हाक मारानं."

तो मायेनं म्हणाला. पोराला लागू नये म्हणून म्हणाला. पण मला त्या रांगेतल्या पोरांचं हसणं परवडलं, बाचं हे वाक्य परवडलं नाही. संध्याकाळी त्याला मोटारीत बसवून दिलं आणि परत येताना मी धुळ्याच्या भर बाजारातून चाललो होतो, आणि माझ्याएवढं एकटं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी परत परीक्षा. या वेळी तपासायला बाहेरून एक गोरा साहेब आला होता. उस्तादांनी काय केलं, माझ्या वेळेला रांगेत सगळी नवी पोरं उभी केली. शिरपूरची, शहाद्याची, आठ दिवसांपूर्वी पथकात आलेली. कुणाच्या हुकमावर चालायचं नसतं ते त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं. मी हुकूम दिला, पोरं चालली. वळ म्हटलं, वळली. थांब म्हटलं, थांबली. एवढं सोपं होतं ते! मी वर्षभर नदीत घसा फोडला, आणि माझ्या घशाला काही झालंच नव्हतं.

गोरा साहेब खूश झाला. नेमबाजीही त्यानं बघितली होती. सगळ्यांसमोर त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. आता कप्तानसाहेबांची पंचाईत. गोऱ्यानं पास केलेल्याला नापास कसा करायचा? त्यांनी तोंडदेखलं हसून दोन फिती माझ्या हातावर ठेवल्या. खरं म्हणजे ठेवल्या नाहीत, वरून सोडल्या. मी झेलल्या.

त्या मी स्वतः शिवल्या. टाके घट्ट घातले. सदरा घालून बोर्डिंगाच्या खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं. आनंद झाला. लपवत नाही, फार आनंद झाला.

आठवड्यात कॅम्प लागला. लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तंबू ठोकले. माझ्या सेक्शनमध्ये ती शिरपूरकडची नवी पोरं आणि थोडी जुनी. शरदचं सेक्शन आमच्या शेजारी. सकाळभर कवायत झाली, डोंगर चढून उतरून झालं, पोरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. जेवणाची शिट्टी झाली. सगळी पोरं आपापली ताटं घेऊन सेक्शनवार मांडी घालून बसली.

सगळे नाईक आचाऱ्याकडे गेले, मीही गेलो. आचाऱ्यानं माझ्या दंडावरच्या फिती बघितल्या, तोंड बघितलं नाही. बादली पुढे सरकवली. तुरीचं वरण, वर हिंगाची फोडणी. भाकऱ्या आधीच वाटून झाल्या होत्या. बादली जड होती, पण मला पिसासारखी लागली. माझ्या दहा जणांच्या रांगेशी आलो.

पहिलं पोरगं शिरपूरचं. बारकं, मोठ्या कानांचं. त्यानं ताट पुढे केलं. मी वाकलो. ओगराळं भरून वरण त्याच्या ताटात घातलं आणि विचारलं, "आणखी घेतोस का रे?"

ते म्हणालं, "हो."

मी दुसऱ्यांदा घातलं. माझ्या आयुष्यात मी वाढलेलं ते पहिलं ताट. तिथलं शेवटचंही तेच ठरणार होतं.

शेजारच्या रांगेतून शरद ओरडला, "ए! खाऊ नका त्याच्या हातचं! भिल्ल आहे तो!"

माझ्या रांगेतल्या दुसऱ्या पोरानं ताटावर पंजा ठेवला. मग तिसऱ्यानं. मग सगळ्यांनी. दहा ताटं आणि नऊ पंजे. शिरपूरचं पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. त्याच्या ताटात वरण होतं, हातात भाकरीचा तुकडा होता. भूक लागली होती त्याला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं ताट उचललं आणि शेजारच्या मातीत पालथं केलं. आणि रडायला लागलं.

मला त्याचा राग आला नाही. पण खरं सांगू? कुणीतरी त्या वेळी छातीवर बसावं तसं झालं मला.

कप्तानसाहेब लगबगीनं आले. "तुला कुणी सांगितलं बादली उचलायला?"

"साहेब, मी नाईक आहे."

"नाईक आहेस तो कवायतीत. इथं नाही. एवढी अक्कल नको? दिली फीत तर गप घालून मिरवावी. तुझ्या सेक्शनला शरद वाढेल. तू पहाऱ्यावर जा." मग बादलीकडे बघून म्हणाले, "बाटवलंस सगळं. हे वरण नेऊन मागच्या चरात ओत. वरून माती टाक."

मागचा चर म्हणजे पोरांचा संडास. सकाळी मीच खणला होता.

मी बादलीकडे बघितलं. चांगलं पिवळंधमक वरण. लढाईचे दिवस, बाजारात तूरडाळ औषधाला मिळत नव्हती. आमच्या घरी वरण सणालाही नव्हतं. ते का म्हणून विष्ठेत ओतायचं? तर मी ओगराळ्यानं ढवळलं म्हणून. माझा हात त्या चराहून वाईट. असं कुणी तोंडानं म्हणालं नाही. पण अर्थ तोच होता, आणि तो मला त्या क्षणी लख्ख कळला. माझ्या आवाजात काही कमी नव्हतं. कपड्यात नव्हतं, नेमात नव्हतं. मी सगळं कमावलं तरी मी कमावलेलं यांच्या घशाखाली उतरणार नव्हतं. यांना माझा नेम पाहिजे होता, माझा पहारा पाहिजे होता, माझी रात्रीची झोप पाहिजे होती. फक्त मी नको होतो.

"ऐकू येत नाही का?" कप्तानसाहेब म्हणाले. "उचल बादली."

मी बादली खाली ठेवली. पिशवीतून माझं ताट आणि माझ्या वाट्याची भाकरी काढली. जमिनीवर मांडी घातली, त्या नऊ पंजांच्या समोर. आणि स्वतःच्या ताटात वरण वाढून घेतलं.

"काय चाललंय हे? उठ!"

"साहेब, नाईक सगळ्यांच्या मागून जेवतो. मी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी नको म्हटलं. आता माझी पाळी."

आणि मी जेवलो. घाईनं नाही. भाकरी कुस्करली, वरण कालवलं, घास घेतला, चावला. कॅम्पात एवढी शांतता झाली की मला माझं चावणं ऐकू येत होतं. उपाशी पोरं बघत होती. कप्तानसाहेबांच्या कपाळाची शीर उडत होती. चव सांगतो तुम्हाला. मीठ कमी होतं.

ताट पुसून खाल्लं आणि उठलो. टाचा जुळवल्या.

"फीत काढ," साहेब म्हणाले.

"नाही काढणार. मी कमावलीय. तुम्ही काढा."

त्यांचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. माझ्या अंगाला हात लावावा लागला असता. त्यांनी मागे वळून हाक मारली, "उस्ताद! ह्याची फीत कापा."

मी उस्तादांकडे बघितलं. मनात म्हटलं, हा माणूस नाही म्हणेल. यानंच शिकवलं, आधी जवान मागून नाईक. यानंच रांगेत नवी पोरं उभी केली. हा नाही म्हणेल.

उस्तादांनी खिशातून चाकू काढला. माझ्या दंडापाशी आले. टाके घट्ट होते, एक एक कापत बसावं लागलं. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता. हळूच म्हणाले, "हुकूम हाय, पोरा. इलाज न्हाई."

हुकूम! बास. त्या दिवसापर्यंत मला हुकूम देणारा व्हायचं होतं. त्या क्षणी माझ्या मनातून ते उतरलं. भला माणूस, आणि हुकूम मिळाला की त्याचा चाकू चालतो. हीच जर वर चढायची शिडी, तर मी चढून कुठं पोचणार होतो? उद्या कुणी मला म्हणालं असतं, त्याची फीत काप, तर मीही म्हणालो असतो, इलाज नाही.

मी कॅम्प सोडून निघालो. कुणी अडवलं नाही. धुळ्याचा रस्ता समोर सरळ होता, ऊन होतं. मागून कुणीतरी पळत येईल असं मला फार वाटलं. शिरपूरचं ते पोरगं तरी. एखादा तरी म्हणेल, थांब. मी दोनदा मागे वळून बघितलं. कुणी आलं नाही. मग मी रडलो. रस्त्यात, उघड्यावर, मोठ्यानं. फितीसाठी नाही रडलो. दहातला एकही माझा नव्हता म्हणून रडलो.

बोर्डिंगातली पोरं म्हणाली, "सांगेल व्हतं ना तुले?" त्यांचंही बरोबर होतं. पण बरोबर असणं आणि सोबत असणं वेगळं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो.

काही दिवसांनी उस्ताद बोर्डिंगात आले. अंगात खाकी नव्हती, साधं धोतर. रुमालात बांधून माझ्या फिती आणल्या होत्या. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

म्हणाले, "नाशकाला शाळांची नेमबाजी हाय. गोऱ्या सायबानं तुझं नाव घेतलंय. कुठाय तो पोरगा म्हनाला. कप्तान घायकुतीला आलाय. फिती परत घे म्हनतोय. वर हवालदार करतो म्हनतोय. तीन फिती, पोरा!"

"आणि?"

"आनि काय. झालं गेलं इसर."

"उस्ताद, कॅम्पात मी वाढलेलं चालेल का?"

ते रुमालाची गाठ सोडत, बांधत राहिले.

"तेवढं नगं काढू," शेवटी म्हणाले. "तेवढं सोडून सगळं देतील."

"तेवढंच पाहिजे. ते नसेल तर माझा नेमही नाही आणि माझा पहाराही नाही. सांगा त्यांना."

"पोरा, नुकसान तुझंच व्हईल."

"होऊ दे."

ते रुमाल तिथंच ठेवून जायला लागले. मी त्यांच्या मागे जाऊन तो त्यांच्या हातात दिला. हातात, वरून नाही टाकला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घालून गेले. नुकसान झालंच. पथकातून नाव गेलं, मग कसलीशी शिस्त काढून शाळेतूनही गेलं. धुळं सुटलं.

गावी गेलो. त्या संध्याकाळचा बा मला अजून ओट्यावर बसलेला दिसतो, हातात जागल्याची काठी, फेरीला निघायच्या तयारीत. मी त्याला सगळं सांगितलं, वरणाचं, चराचं, सगळं. तो ऐकून घेत होता. मी म्हटलं, "बा, या गावानं कधी तुझ्या हातचं पाणी पिलं का?"

तो म्हणाला, "कसं पीतीन रे?"

"मग त्यास्नी राखण कसाले?"

बा उठला आणि काठी घेऊन फेरीला गेला. सकाळी तो परतला तेव्हा मी त्याच्या हातातली काठी धरली. त्यानं घट्ट आवळली होती. म्हणाला, "गाव काय म्हनी? खाऊत काय?" घाबरला होता बिचारा. त्याचा बाप जागल्या, त्याचा आजा जागल्या. मी हिसकली नाही. धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्याची बोटं सुटली.

दिवसाउजेडी, माणसं चावडीवर बसलेली असताना, मी ती काठी नेली आणि पाटलाच्या पायाशी ठेवली. म्हटलं, ज्यांच्या ताटात आम्ही वाढू शकत नाही, त्यांच्या दाराची राखण आम्ही करणार नाही. आजपासून तुमची रात्र तुम्ही जागा.

पाटील हसला. म्हणाला, "चार दिवसांत न्यायला येशील."

राखणीबद्दल गावाकडून मिळायचं ते धान्य बंद झालं, त्या वर्षी आम्ही कंद उकडून खाल्ले. आईनं मला शिव्या दिल्या. भाऊबंदांनी तोंड फिरवलं, कारण माझ्यापायी गावानं त्यांनाही तोडलं. बा रात्री उठून बसायचा, सवयीनं. पण काठी न्यायला मी गेलो नाही, आणि बालाही जाऊ दिलं नाही. अजून गेलेलो नाही. माझ्या पोरांनाही जाऊ देणार नाही.